पुस्तक मिटल्यानंतर : अवांतर वाचनाविषयी वाचकांचे प्रश्न

मुलांच्या अवांतर वाचनाविषयी आलेल्या पत्रांतून एक गोष्ट ठळकपणे जाणवते. मुलांनी स्वतः निवडलेली पुस्तके वाचावीत, याबद्दल पत्रलेखकांत मतभेद नाही. अडचण सुरू होते ती पुस्तक मिटल्यानंतर. मुलांना काय विचारावे, काय लिहून घ्यावे, कधी बोलते करावे आणि कधी गप्प राहू द्यावे, या प्रश्नांभोवती बहुतेक पत्रे फिरतात. त्यांतील निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : आमच्या शाळेत आठवड्यातून एक तास अवांतर वाचनासाठी राखून ठेवला आहे. वाचलेल्या पुस्तकाची नोंद प्रत्येकाने वहीत करायची असते : पुस्तकाचे नाव, लेखक, मुख्य पात्रे, सारांश, आवडलेला प्रसंग आणि बोध. वह्या तपासताना मात्र सगळ्या नोंदी एकाच मुलाने लिहिल्यासारख्या वाटतात. ‘पुस्तक खूप छान आहे, मला फार आवडले, सर्वांनी अवश्य वाचावे,’ यापलीकडे कोणी जात नाही. मुले वाचलेल्याचा विचारच करत नाहीत, की माझ्या विचारण्यात काही उणे आहे? — सातवीच्या एक वर्गशिक्षिका

उत्तर : मुले विचार करत असतात. तो वहीत उतरत नाही, कारण वहीत त्याच्यासाठी रकाना नाही. तुम्ही दिलेले सहा रकाने नीट पाहा. पहिल्या चारांत पुस्तकाची माहिती आहे, सहाव्यात पुस्तकाने काय शिकवले ते आहे आणि पाचव्यात एक प्रसंग निवडून लिहायचा आहे. वाचताना मुलाच्या मनात काय घडले, तो कुठे अडला, कुठे चिडला, कोणत्या पानावर त्याने मागे जाऊन पुन्हा वाचले, हे यांपैकी कोणत्याही रकान्यात बसत नाही. शिवाय ‘बोध’ या रकान्याला काय उत्तर अपेक्षित असते, हे मुलांना फार लहान वयात कळलेले असते. एकी, प्रामाणिकपणा, मेहनत यांपैकी एखादा शब्द लिहिला की तो रकाना भरतो आणि पुस्तक न उघडताही भरता येतो.

अमेरिकन अभ्यासक लुईस रोझेनब्लॅट यांनी १९३८ सालापासून आयुष्यभर एक विचार आग्रहाने मांडला. कविता किंवा कथा केवळ कागदावर नसते; वाचक आणि मजकूर यांच्या भेटीत ती प्रत्येक वेळी घडते, असे त्यांचे म्हणणे. वाचनाचे दोन कलही त्यांनी वेगळे करून दाखवले. औषधाच्या बाटलीवरील सूचना आपण वाचतो, तेव्हा त्यातून काय घेऊन जायचे याकडे लक्ष असते. कथा वाचतो, तेव्हा वाचता वाचता जे अनुभवास येते त्याकडे लक्ष असते. तुमची मुले कथा वाचत आहेत आणि नोंद मात्र बाटलीवरील सूचना वाचल्यासारखी करत आहेत. तसे करायला त्यांना रकान्यांनी शिकवले आहे.

एक उदाहरण कल्पून पाहू. एका मुलीने हरवलेल्या धाकट्या भावाचा शोध घेणाऱ्या मुलाची गोष्ट वाचली. रकान्यांप्रमाणे तिची नोंद अशी होईल : ‘या कथेत एक मुलगा आपल्या हरवलेल्या भावाला शोधतो. शेवटी भाऊ सापडतो. यातून बंधुप्रेमाची शिकवण मिळते.’ आता तिला इतकेच सांगितले की, वाचताना जिथे थबकलीस तिथले लिही, तर ती कदाचित लिहील : ‘भाऊ सापडल्यावर तो रडला नाही. त्याने आधी भावाच्या चपलांकडे पाहिले. मला ते कळले नाही. मग मी मागची पाने पाहिली, तेव्हा लक्षात आले की भाऊ हरवला त्या दिवशी दोघांचे नव्या चपलांवरून भांडण झाले होते.’ या नोंदीत बंधुप्रेम हा शब्द कुठेही आलेला नाही. तरीही त्याविषयी तिला काय समजले ते आपल्याला दिसते आणि मागची पाने चाळून तिने ते कसे शोधले, हेही दिसते.

म्हणून सर्व रकाने काढून टाका आणि मुलांना मोकळी जागा द्या. ज्यांना सुरुवात सुचत नाही, त्यांच्यासाठी ब्रिटिश लेखक एडन चेंबर्स यांनी सुचवलेल्या चार दिशा उपयोगी पडतात : काय आवडले, काय आवडले नाही, काय कोड्यात टाकून गेले, आणि कोणत्या गोष्टी पुन्हा पुन्हा आल्या किंवा एकमेकींशी जुळल्या. माझ्या मते यांतील तिसरी दिशा सर्वांत फलदायी आहे. आवडीनिवडीचे उत्तर एका शब्दात संपते, पण कोडे मुलाला पुस्तकाकडे परत पाठवते. ‘मला कळले नाही’ असे लिहिण्याची मुभा असणे मुलांसाठी नवे असते. त्यामुळे पहिले काही आठवडे ती बिचकतील. तेवढा काळ जाऊ द्यावा. चेंबर्स यांचा आणखी एक सल्ला पाळण्यासारखा आहे. त्यांनी ‘का?’ हा प्रश्न टाळायला सांगितले. ‘का आवडले?’ असे विचारताच मुलाला उलटतपासणीला उभे केल्यासारखे होते आणि एवढ्या मोठ्या प्रश्नाचे उत्तर कुठून सुरू करावे ते त्याला उमगत नाही. ‘त्याबद्दल आणखी सांग’ किंवा ‘हे तुला कोणत्या पानावर जाणवले?’ असे विचारले, की बोलण्याला धरायला काहीतरी मिळते.

नोंद पुस्तक संपल्यावरच करायची, हा नियमही सोडावा. अर्ध्या वाटेवर असताना मुलांचे मन अंदाज, भीती आणि शंका यांनी भरलेले असते. शेवट कळला की त्यातले पुष्कळ विरून जाते. वाचनाच्या तासाच्या अखेरीस पाच मिनिटे राखून, पुस्तक संपलेले असो वा नसो, दोन-चार वाक्ये लिहून घेतली, तर सारांशाचा मोह आपोआप कमी होतो.

शेवटचा मुद्दा तुमच्या लाल पेनचा. वरच्या चपलांच्या नोंदीखाली ‘छान निरीक्षण. ऱ्हस्व-दीर्घ पाहा,’ असा शेरा आला, तर पुढच्या वेळी ती मुलगी ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून सारांश लिहील. त्याऐवजी ‘चपलांचा उल्लेख भांडण आणि शेवट यांच्या मध्ये आणखी कुठे आला आहे का?’ असे लिहिलेत, तर ती पुस्तक पुन्हा उघडेल. शुद्धलेखन महत्त्वाचे आहे, पण ते तपासायला निबंधाची वही आहे. एवढ्या सगळ्या वह्यांना दर आठवड्याला असे उत्तर लिहिणे कोणालाही शक्य नाही. रोज पाच वह्या घेतल्या तरी महिन्याभरात बहुतेक मुलांपर्यंत तुम्ही पोहोचाल. मनापासून लिहिलेले एक वाक्य महिन्यातून एकदा मिळणे हे दर आठवड्याच्या ‘उत्तम’पेक्षा कितीतरी अधिक आहे.

प्रश्न : पाठ्यपुस्तकातील धड्यावर चर्चा घेता येते, कारण तो सर्वांनी वाचलेला असतो. अवांतर वाचनात प्रत्येकाच्या हातात वेगळे पुस्तक असते. मग चर्चा कशावर घ्यायची? एकेकाला पुढे बोलावून पुस्तकाचा परिचय करून द्यायला सांगितले, तर बाकीचा वर्ग कंटाळतो. — माध्यमिक शाळेतील एक भाषाशिक्षक

उत्तर : पुस्तके वेगळी असली तरी प्रश्न एक असू शकतो. तो असा हवा की कोणत्याही कथेला लागू पडेल आणि प्रत्येक कथेत त्याचे उत्तर निराळे निघेल. तुमच्या पुस्तकात असे कोण आहे, ज्याच्या बोलण्यावर तुमचा विश्वास बसत नाही? लेखकाने कोणती गोष्ट मुद्दाम उशिरा सांगितली? कथा सांगणारा बदलला असता, तर कोणावर अन्याय झाला असता? माहितीपर पुस्तक वाचणाऱ्यांसाठी : लेखकाला हे कसे कळले असेल, आणि त्याने ते तुम्हाला सांगितले आहे का? अशा प्रश्नावर मुले जोडीने बोलू लागली, की आपल्या जोडीदाराचे पुस्तक वाचलेले नसणे ही अडचण राहत नाही. उलट ते फायद्याचे ठरते, कारण ज्याला कथा ठाऊक नाही त्याला समजेल असे सांगणे भाग पडते आणि ऐकणाऱ्याचे प्रश्न खरे असतात. धड्यावरील चर्चेत शिक्षकाला उत्तर आधीच माहीत असते, आणि मुलांनाही ते माहीत असते.

आधी जोडीत बोलणे, मग चार-पाच जणांच्या गटात आणि सर्वांत शेवटी, तेही गरज असेल तरच, पूर्ण वर्गासमोर, असा क्रम ठेवावा. पुस्तक परिचयाऐवजी प्रत्येकाने आपल्या पुस्तकातील एकच परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवावा आणि तोच का निवडला हे दोन वाक्यांत सांगावे. परिचय ऐकून क्वचितच कोणी पुस्तक मागतो, पण चांगला वाचलेला परिच्छेद ऐकून मागतात. महिन्यातून एखादा परिच्छेद तुमच्या स्वतःच्या चालू वाचनातला असू द्या, आणि त्यातले तुम्हाला न उलगडलेलेही सांगा.

काही शाळांत गटचर्चेसाठी मुलांना भूमिका वाटून देतात : एकाने प्रश्न काढायचे, एकाने कठीण शब्द शोधायचे, एकाने चित्र काढायचे. वाचनमंडळांच्या या पद्धतीचा प्रसार करणारे हार्वे डॅनियल्स यांनीच पुढे इशारा दिला, की भूमिकापत्रके फार काळ वापरली तर चर्चा यांत्रिक होते. प्रत्येक जण आपला कागद वाचून दाखवतो आणि मोकळा होतो. सुरुवातीचा आधार म्हणून ती वापरावीत आणि मुले एकमेकांकडे पाहून बोलू लागली की बाजूला ठेवावीत.

आणि थांबायला शिकावे. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी १९७०च्या दशकात वर्गातील संवाद ध्वनिमुद्रित करून मोजले. प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक सरासरी साधारण एकच सेकंद थांबतात आणि मग प्रश्न पुन्हा विचारतात, दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देतात, असे त्यांना आढळले. हा वेळ तीन सेकंदांपर्यंत किंवा त्याहून अधिक वाढवल्यावर मुलांची उत्तरे लांबली, न बोलणारी मुले बोलू लागली आणि मुले एकमेकांच्या बोलण्याला उत्तर देऊ लागली. रो यांनी दुसऱ्या एका विरामाकडेही लक्ष वेधले होते : मुलाचे वाक्य संपल्यानंतरचा विराम. मुलाने पूर्णविराम दिला असे आपल्याला वाटते, तेव्हा पुष्कळदा तो पुढचे वाक्य जुळवत असतो. तेथेही तीन सेकंद थांबून पाहा. वर्गात ते फार लांब वाटतात.

प्रश्न : मी नववीत आहे. मला वाचायला आवडते, पण पुष्कळ पुस्तके मी अर्धवट सोडते. आमच्याकडे पूर्ण वाचलेलेच पुस्तक नोंदीत धरतात. दुसरे म्हणजे, जे पुस्तक मला खूपच आवडते त्याविषयी चर्चेत बोलायची मला इच्छा होत नाही. बाई म्हणतात की बोलत नाही म्हणजे समजले नाही. हे खरे आहे का? — एक विद्यार्थिनी

उत्तर : खरे नाही. फ्रेंच लेखक आणि अनेक वर्षे शिक्षक असलेले दानिएल पेनाक यांनी १९९२ साली वाचकाच्या दहा हक्कांची यादी प्रसिद्ध केली. त्यात पुस्तक अर्धवट सोडण्याचा हक्क आहे आणि दहावा, म्हणजे शेवटचा हक्क, वाचलेल्याविषयी काहीही न बोलण्याचा आहे. तुझ्या दोन्ही तक्रारींना त्यांनी जागा दिली आहे.

तरीही दोन्ही गोष्टी मी एकसारख्या मानत नाही. सोडलेल्या पुस्तकाबद्दल तू अवश्य लिहावेस असे मला वाटते. कोणत्या पानावर सोडलेस, त्याआधीच्या किती पानांपासून मन उडू लागले होते, भाषा जड होती की पात्रे खोटी वाटली, की त्या दिवसांत तुझेच मन दुसरीकडे होते, हे तपासून लिहिलेस, तर पूर्ण वाचलेल्या पुस्तकाच्या सारांशापेक्षा ती नोंद तुझ्या बाईंना अधिक आवडेल. एकदा अशी नोंद करून त्यांना दाखव आणि ती नोंदीत धरावी अशी विनंती कर. चार-पाच सोडलेल्या पुस्तकांच्या नोंदी शेजारी ठेवल्यास, तर तुला काय नको आहे ते कळेल आणि पुढचे पुस्तक निवडताना तू कमी चुकशील.

आवडत्या पुस्तकाविषयी न बोलणे वेगळे आहे. काही पुस्तके वाचल्यावर आपल्याला त्यांच्यासोबत एकटे राहायचे असते, आणि चारचौघांत बोलले की ती आपली राहत नाहीत अशी धास्ती वाटते. ही भावना खोटी नाही. ‘या पुस्तकाविषयी मला सध्या बोलायचे नाही, दुसऱ्याविषयी बोलेन,’ असे बाईंना सरळ सांग. मात्र स्वतःसाठी, कोणालाही न दाखवण्याच्या वहीत, त्यातले एखादे वाक्य आणि ते वाचतानाची तारीख लिहून ठेव. वर्षभराने तेच पुस्तक वाचलेस, तर तेव्हाची तू काय पाहत होतीस हे ताडून पाहायला ती ओळ उपयोगी पडेल.

प्रश्न : माझा दहा वर्षांचा मुलगा एकाच मालिकेतील पुस्तके पुन्हा पुन्हा वाचतो. ‘आज काय वाचलेस, सांग बरे,’ म्हटले की ‘काही नाही’ म्हणून निघून जातो. त्याच्याशी वाचनाबद्दल बोलायचे कसे? — एक पालक

उत्तर : त्याला विचारू नका, त्या मालिकेतील एक पुस्तक स्वतः वाचा. मग जेवताना किंवा चालताना सहज म्हणा, ‘तो दुसरा मित्र मला जरा कपटी वाटतो आहे.’ तुमचे मत चुकीचे असेल तर तो ते खोडून काढल्याशिवाय राहणार नाही, आणि त्या खोडून काढण्यात तुम्हाला हवे ते सगळे ऐकायला मिळेल. ‘सांग बरे’ म्हटल्यावर दहा वर्षांच्या मुलाला पाठांतर म्हणून दाखवल्यासारखे वाटते.

पुनर्वाचनाची काळजी करू नये. कथा माहीत असल्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या वाचनात मुलांचे लक्ष कथेच्या बांधणीकडे, आधी निसटलेल्या खुणांकडे जाते, आणि मालिकेतील पुस्तकांत ओळखीची माणसे व ओळखीची शब्दकळा असल्याने वाचनाचा वेगही वाढतो. मालिकेशेजारी दुसरी दोन पुस्तके नुसती ठेवून द्या, त्यांच्याविषयी काही बोलू नका.

प्रश्न : अवांतर वाचनाला गुण दिले नाहीत तर मुले गंभीरपणे घेत नाहीत आणि दिले तर नोंदी इंटरनेटवरून उतरवून काढतात, अलीकडे तर कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतात. सर्वाधिक पुस्तके वाचणाऱ्याला पारितोषिक ठेवावे, असा एक प्रस्ताव आमच्यापुढे आहे. आपले मत काय? — एक मुख्याध्यापक

उत्तर : पारितोषिकाचा प्रस्ताव स्वीकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या संदर्भात महत्त्वाचा आहे. बालवाडीतील ज्या मुलांना रंगीत पेनांनी चित्रे काढणे मुळातच आवडत होते, त्यांतील काहींना ‘चित्र काढलेस तर प्रमाणपत्र मिळेल’ असे आधी सांगण्यात आले. काहींना चित्र काढून झाल्यावर अनपेक्षितपणे तेच प्रमाणपत्र दिले, आणि काहींना काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळेत पेने पुन्हा समोर ठेवली, तेव्हा बक्षिसाच्या बोलीवर चित्र काढलेली मुले इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांत रमली. अनपेक्षित प्रमाणपत्राने असा परिणाम झाला नव्हता. ज्या मुलांना वाचायला आवडते, त्यांच्याच बाबतीत तुमच्या पारितोषिकाचा धोका अधिक आहे. पुस्तकांची संख्या मोजू लागलात, तर मुले पातळ पुस्तके शोधतील, आणि त्यात त्यांचा काही दोष नसेल.

उतरवलेल्या नोंदींवर पहारा वाढवून उपयोग होणार नाही. सारांश मागाल तर सारांश यंत्राकडून मिळणारच. सारांश हीच यंत्राला सर्वांत सोपी जाणारी गोष्ट आहे. नोंद वर्गातच, पुस्तक हातात घेऊन, पाच मिनिटांत लिहून घेतली आणि शिक्षकाने दोन-तीन मिनिटे मुलाशेजारी बसून ‘हे पान मला दाखव’ म्हटले, तर उतरवण्याचे कारणच उरत नाही. अशा भेटीत मूल वाचते आहे की नाही हे लगेच कळते, आणि तपासणी होते आहे असे त्याला वाटतही नाही.

मुले गंभीरपणे घेत नाहीत, या तुमच्या तक्रारीत तथ्य आहे. नुसता शांत तास ठेवला आणि शिक्षक त्या वेळी दुसरे काम करत बसले, तर काही मुले पाने उलटत बसतात. अमेरिकेतील राष्ट्रीय वाचन समितीने २००० सालच्या अहवालात असे नोंदवले होते, की मार्गदर्शनाविना ठेवलेल्या मूक वाचनाच्या तासांमुळे वाचन सुधारते, हे उपलब्ध प्रयोगांवरून सिद्ध होत नाही. तसे प्रयोग थोडे होते आणि सदोष होते, त्यामुळे मूक वाचन निरुपयोगी आहे असा त्याचा अर्थ नाही, हेही समितीने सांगितले. गुणांनी जे गांभीर्य येईल असे तुम्हाला वाटते, ते शिक्षकाच्या त्या तासातील उपस्थितीने येते : पुस्तक निवडायला मदत करणे, शेजारी बसणे, गेल्या आठवड्यात मुलाने काय म्हटले होते ते लक्षात ठेवणे. प्रगतिपुस्तकात काही लिहिणे बंधनकारकच असेल, तर गुणांऐवजी वर्णन लिहावे आणि ते मुलाच्या सोबतीने ठरवावे. वर्षाच्या प्रारंभीची एक आणि अखेरची एक नोंद त्याच्यापुढे ठेवून ‘तुझ्या वाचनात काय बदलले?’ असे विचारावे.

प्रश्न : माझ्या वर्गातील एक मुलगा अडखळत वाचतो. वाचनाच्या तासाला तो मुद्दाम जाड पुस्तक घेऊन बसतो आणि चर्चेच्या वेळी काहीतरी ऐकीव सांगतो. त्याला उघडे पाडायचे नाही, पण असेच चालू द्यायचेही नाही. — पाचवीच्या एक शिक्षिका

उत्तर : जाड पुस्तक हातात घेण्यामागे लाज आहे, म्हणून सर्वांत आधी वर्गात सोप्या पुस्तकांची पत सुधारावी. तुम्ही स्वतः चित्रांचे, थोड्या शब्दांचे पुस्तक वर्गासमोर वाचून त्यावर गंभीरपणे बोललात, तर ते पुस्तक हातात धरणे कमीपणाचे राहत नाही. त्याच्या अडखळण्यावर उपाय मात्र वाचनाच्या तासाला होणार नाही. अक्षरे व जोडाक्षरे ओळखून सलग वाचण्याचा सराव त्याला वेगळा, नियमितपणे आणि एकट्याने द्यावा लागेल. चर्चा त्याची जागा घेऊ शकत नाही.

कथा समजणे आणि छापील मजकूर उलगडणे या दोन वेगळ्या क्षमता आहेत. अडखळत वाचणाऱ्या पुष्कळ मुलांना ऐकलेली कथा उत्तम समजते. म्हणून एखादे पुस्तक त्याला वाचून दाखवण्याची व्यवस्था करा, मग ते तुम्ही वाचा, वरच्या वर्गातील विद्यार्थ्याने वाचावे किंवा ध्वनिमुद्रित असावे, आणि त्या पुस्तकावर तो चर्चेत इतरांच्या बरोबरीने बोलेल असे पाहा. जाड पुस्तकाचा विषय चारचौघांत काढू नये. एखाद्या दिवशी शेजारी बसून ‘आपण दोघे मिळून एक पुस्तक वाचू या का, एक पान तू आणि एक पान मी?’ असे विचारावे. त्याची वाचननोंद काही दिवस तोंडी घ्यावी. तो जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत, न सुधारता, वहीत उतरवावे आणि लगेच त्याला वाचून दाखवून, काही बदलायचे आहे का ते विचारावे. स्वतः बोललेली वाक्ये त्याला ठाऊक असतात, त्यामुळे पुढच्या तासाला ती वही तो स्वतःच वाचून पाहील अशी बरीच शक्यता आहे.